शिरस्तेदाराची रिकामी जागा

मोटारीच्या इंजिनात मानमरातब कोणाला मिळतो आणि कारभार कोण हाकतो, याचा तपशील जर कोणी निवांतपणे तपासून पाहिला, तर जुन्या काळच्या मामलेदार कचेरीची रचना करणाऱ्याने आधी एखादे इंजिन उघडून पाहिले होते की काय, अशी शंका त्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. पिस्टनाचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कार्ब्युरेटरला येणारा-जाणारा प्रत्येक जण शिव्या देतो, आणि शिव्या खाणे हाही एक प्रकारचा लौकिकच आहे. रेडिएटरला रोज सकाळी पाणी मिळते, बॅटरीला अधूनमधून मिळते. परंतु कोणत्या सिलिंडरला कोणत्या क्षणी ठिणगी द्यायची, घाईच्या वेळी ती किती लवकर आणि चढावर किती उशिरा सोडायची, हा सारा निकाल देणारा जो गृहस्थ इंजिनाच्या उजव्या कुशीला काळी टोपी घालून उभा असतो, त्या डिस्ट्रिब्युटरची विचारपूस मात्र तो आजारी पडेपर्यंत कोणीही करीत नाही. मामलेदारसाहेब सही करतात, शिपाई वर्दी देतो, आणि मधल्या खोलीत बसलेला शिरस्तेदार कोणता कागद केव्हा पुढे सरकवायचा ते ठरवितो. तालुका चालतो तो त्याच्या मर्जीवर. आणि त्याची जागा रिकामी झाली, की ती भरताना जो घोळ होतो तोही दोन्हीकडे सारखाच.

ज्या गाडीमुळे हा विषय माझ्या डोक्यात शिरला ती अँबॅसडर असावी, हा योगायोग या उपमेला सोयीचा असला तरी मी घडवून आणलेला नाही. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या तिसऱ्या अवताराचे साचे आणून हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाडा येथे १९५७ च्या सुमारास जी गाडी बांधायला घेतली आणि २०१४ साली जिचे बांधकाम थांबविले, तिने या मधल्या काळात मंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सरकारी इतमामाचा किती भार वाहिला असेल याची गणती करणे कठीण आहे. तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' घराण्यातले. त्याच घराण्यातला १७९८ घन सेंटिमीटरचा एक भाऊ एमजीबी नावाच्या उघड्या टपाच्या, दोन आसनी, चपळ गाडीत जाऊन बसला. एका भावाने आयुष्यभर फायली, पांढरे टॉवेल आणि पाच माणसे वाहिली. दुसऱ्याने इंग्लंडातल्या वळणावळणांच्या रस्त्यांवरून तरुणांचे गळपट्टे उडविले. ही भाऊबंदकी पुढे आपल्याला नडणार आहे, म्हणून तिची नोंद येथेच करून ठेवतो. ज्यांच्याकडे डिझेलची अँबॅसडर आहे त्यांनी मात्र हा लेख येथेच मिटवावा. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून डिस्ट्रिब्युटरही लागत नाही. त्यांची दुःखे निराळी आहेत आणि ती चार घरे ओलांडूनही ऐकू येतात.

आता या शिरस्तेदाराच्या कामाचे स्वरूप. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरून त्याचा दांडा फिरतो, म्हणजे क्रँक दोनदा फिरला की हा एकदा. दांड्याच्या माथ्यावर चार कोन असलेला एक कॅम असतो; प्रत्येक कोन सीबी पॉइंटाला ढकलून उघडतो; पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट तुटतो, आणि बॅटरीचे बिचारे १२ व्होल्ट त्या तुटण्याच्या धक्क्याने वीस हजारांच्या घरात जाऊन उभे राहतात. तो करंट टोपीखाली फिरणारा रोटर एक, तीन, चार, दोन या क्रमाने सिलिंडरांना वाटीत जातो. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी इंजिन चालले असता या इसमाला सेकंदाला १०० ठिणग्यांचा निवाडा करावा लागतो, आणि ज्या फटीच्या भरवशावर हा निवाडा चालतो ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर ती आत जायला कुरकुरावीत इतकीच. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडिलॅक गाडीसाठी बसवून दिलेली ही वहिवाट पुढे साठ-सत्तर वर्षे साऱ्या जगाने मुकाट्याने पाळली.

पण ठिणगी वाटणे ही निव्वळ कारकुनी झाली. खरी मुत्सद्देगिरी आहे ती वेळ साधण्यात. इंजिन जसजसे जलद फिरू लागते तसतशी ठिणगी अधिक आधी पडावी लागते, कारण पेट्रोलच्या वायूला पेटायला जो वेळ लागतो तो काही इंजिनाच्या घाईने कमी होत नाही; म्हणून दांड्याच्या पोटात दोन वजने आणि दोन स्प्रिंगा बसविलेल्या असतात, आणि वेग वाढला की ती वजने बाहेर झेपावून कॅमला किंचित पुढे रेटतात. शिवाय बाजूला एक पत्र्याची डबी असते, तिच्यात रबरी पडदा असतो, आणि इंजिनाच्या पोटातली ओढ त्या पडद्याला लागली की सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालविताना, ठिणगी आणखी थोडी आधी पडते. चढ आला, पाय दाबला, की ओढ संपते आणि महाशय मागे सरतात. किती वेगाला किती पुढे जायचे याचे हे जे गणित असते, तेच त्या डिस्ट्रिब्युटरचे चारित्र्य. बाकी सारे पितळ, बेकेलाइट आणि ॲल्युमिनियम.

तो बिघडला म्हणजे काय होते, हे सांगताना प्रथम अन्यायाची हकिकत सांगावी लागेल. गाडी मिसिंग करू लागली, चढावर धाप टाकू लागली, सिग्नलपाशी उभी असताना अंगात कापरे भरल्यासारखी हलू लागली, की आपल्याकडे पहिले वॉरंट सुटते ते कार्ब्युरेटरच्या नावाने. मिस्त्री बॉनेट उघडण्याच्या आधीच "साहेब, कचरा आलाय, कार्ब्युरेटर खोलू" असा निकाल देतो. शेजारी उभा असलेला सुशिक्षित मनुष्य पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवर व्याख्यान देतो. तिसरा पेट्रोल पंपाचे नाव विचारतो आणि उत्तर कोणतेही असले तरी खेदाने मान हलवितो. कार्ब्युरेटर खुलतो, धुतला जातो, फुंकला जातो, पुन्हा बसतो. गाडी होती तशीच राहते. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याच्या या कारवाईचे बिल मालकाने भरायचे असते.

खरा गुन्हेगार ओळखण्याची रीत मात्र इतकी सोपी आहे की ती कोणाला सुचत नाही. टोपीच्या दोन क्लिपा सोडवाव्यात, टोपी बाजूला करावी, रोटर उपसून काढावा, आणि उघड्या पडलेल्या दांड्याचे टोक चिमटीत धरून आडवे हलवून पाहावे. दांडा गोल फिरायला थोडा वळावा, हा त्याचा धर्मच आहे. पण तो जर डावी-उजवीकडेही डुलू लागला, तर आतला ब्राँझचा बुश झिजला असे समजावे. मग कॅमचा एक कोन पॉइंटाला जास्त उघडतो, दुसरा कमी. एका सिलिंडरला ठिणगी वेळेवर, दुसऱ्याला उशिरा. आणि फीलर गेजने तुम्ही फट कितीही काटेकोर लावा, ती फट फक्त त्या क्षणापुरती आणि त्या कोनापुरती खरी. माझ्या मिस्त्रीने असा दांडा हलवून पाहिला तेव्हा त्याच्या मुद्रेवर जो आनंद पसरला तो केवळ निदान सापडल्याचा नव्हता. पुढील कित्येक शनिवार मी त्याच्या गॅरेजात बसणार, याची चाहूल त्याला लागली असावी. "हा गेला, साहेब. आता दुसरा बघा," असे म्हणून त्याने हात पुसले.

आणि येथून पुढे त्या जागेसाठी उमेदवारांची रीघ लागली.

पहिला उमेदवार जुन्या बाजारातला. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जे काही जमिनीवर मांडलेले असते त्यात संस्थानिकांच्या झुंबराच्या लोलकापासून शिवणयंत्राच्या पायट्यापर्यंत सारे असते, आणि डिस्ट्रिब्युटर तर ढिगाने असतात. फक्त ते कोणत्या गाडीचे, हे विचारायचे नसते. विचारल्यास विक्रेता तुमची गाडी कोणती ते आधी विचारून घेतो आणि मग तोच तो असल्याचे सांगतो. येथे जाणत्या माणसाने भिंग काढावे. ल्यूकस या इंग्रजी कंपनीच्या अस्सल डिस्ट्रिब्युटराच्या अंगावर त्याचा नंबर ठोकलेला असतो, आणि जवळच तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला त्याचे आकडे असतात. पत्र्याच्या डबीवर तीन आकडे असतात, ज्यांतला पहिला ओढ किती झाली म्हणजे डबी जागी होते ते सांगतो, दुसरा किती ओढीला ती थकते ते, आणि तिसरा ती जास्तीत जास्त किती अंश सरकते ते. आतल्या कॅमखालच्या पट्टीवर वजनांची कमाल मर्यादा कोरलेली असते, आणि ते अंश डिस्ट्रिब्युटरचे असल्यामुळे क्रँकच्या हिशेबाला त्यांची दुप्पट धरावी लागते. एवढी जन्मपत्रिका अंगावर वागविणारी दुसरी वस्तू त्या बाजारात नसते. आणि ती वाचता वाचता मागून कोणी तरी तीच वस्तू उचलून, घासाघीस करून घेऊनही जातो. तरीही त्या ढिगातला प्रत्येक दांडा हलवून पाहिला तर बहुतेक सारे माझ्या दांड्याचेच समवयस्क निघतात, आणि एका पेन्शनरला घरी पाठवून त्याच्या जागी दुसरा पेन्शनर आणण्यात काही अर्थ नसतो.

दुसरा उमेदवार नवा कोरा, चकचकीत, खोक्यातला. खोक्यावर 'क्वालिटी' हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि बनविणाऱ्याचे नाव मुळीच नाही, अशी त्याची ओळख. नाना पेठेतल्या दुकानदाराला मी विचारले, "याचं ॲडव्हान्सचं गणित काय आहे?" तो म्हणाला, "काका, सगळ्याला चालतं हे." या वाक्यात त्याला वस्तूची स्तुती अभिप्रेत होती, मला मात्र तिच्यावरचे दोषारोपपत्र ऐकू आले. जो शिरस्तेदार कोणत्याही तालुक्याला चालतो त्याला कोणत्याच तालुक्याची दफ्तरे ठाऊक नसतात. त्यातच अलीकडच्या पुष्कळशा सुट्या रोटरांचे प्लास्टिक इतके हलके असते की करंट टोपीकडे जाण्याऐवजी रोटराच्याच अंगातून खाली दांड्यात उतरतो, आणि गाडी गरम झाली की भर रस्त्यात मुकाट उभी राहते. गार झाली की काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने सुरू होते. असला मधूनच होणारा आजार वैद्याला सर्वांत फायदेशीर.

तिसरा उमेदवार जागा मागत नाही, फक्त आत घुसतो. सीबी पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाकायचे, त्यांच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवायची, कॅमवर चुंबकांचे कडे चढवायचे, आणि टोपी बंद केली की बाहेरून सारे पूर्ववत. गाड्यांच्या प्रदर्शनात अस्सलपणाचे गुण देणारे परीक्षक येतात तेव्हा हा उमेदवार टोपीखाली श्वास रोखून बसतो. त्याचे गुण खरे आहेत: घासायला काही नाही, फट लावायला काही नाही, आणि दांडा थोडा डुलला तरी हा पॉइंटांइतका बिचकत नाही. पण वजने जुनी, स्प्रिंगा जुन्या, डबीतला पडदा फाटलेला, तर नुसत्या पट्टीने चारित्र्य सुधारत नाही. शिवाय जुन्या इंग्रजी धाटणीच्या गाड्यांत कधी कधी बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. तेथे ही पट्टी तारा उलट लागताच जी राम म्हणते ती परत येत नाही. आणि माझी मुख्य हरकत निराळीच आहे. पॉइंट मरतात ते रीतसर रजेचा अर्ज देऊन मरतात. आठवडा-दोन आठवडे कुरकुर करतात, पॉलिश पेपरचा तुकडा ओढला की पुन्हा रुजू होतात आणि तुम्हाला घरापर्यंत पोहोचवितात. इलेक्ट्रॉनिक पट्टी खंबाटकीच्या घाटात, आगाऊ नोटीस न देता, राजीनामा टेबलावर फेकून निघून जाते.

चौथा उमेदवार परदेशस्थ. हॉलंडात तयार होणारा एक डिस्ट्रिब्युटर आहे, त्याचे नाव १२३. बाहेरून जुनाच दिसतो, आत मात्र वजने नाहीत, स्प्रिंगा नाहीत, सारे गणित एका चिपेत. त्याच्या तळाशी एक बारीक खटका असून तो शून्यापासून नऊपर्यंत आणि मग ए पासून एफ पर्यंत फिरविता येतो, म्हणजे सोळा निरनिराळ्या स्वभावांतून आपल्याला हवा तो निवडता येतो. त्याचा आणखी एक सुधारलेला वंशज तर ब्लूटूथवरून मोबाइलशी बोलतो आणि मालकाने स्वतः रेखाटलेली वक्ररेषा शिरसावंद्य मानतो. तिकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याने मोठ्या उत्साहाने दूरध्वनीवर सांगितले, "मामा, गाडी चालू असताना सीटवर बसल्या बसल्या टायमिंग बदलता येतं." मी किंमत विचारली. त्याने सांगितली. मी त्याच्या आईची खुशाली विचारली. वस्तू उत्तम आहे यात शंका नाही. परंतु ज्याला एका स्वभावाच्या नोकराशी जुळवून घेता आले नाही त्याच्या हाती सोळा स्वभाव दिले तर काय होईल, याची कल्पना मला आमच्या गृहसंस्थेच्या कार्यकारिणीवरून आहे.

याच ठिकाणी ती भाऊबंदकी आडवी येते. 'बी' घराण्याच्या इंजिनाला लागणारे चांगले डिस्ट्रिब्युटर, नवे आणि दुरुस्त केलेले, आजही मिळतात ते मुख्यतः इंग्लंडात, कारण तेथे एमजीबीचे भक्त उदंड आहेत आणि भक्तांची हौस पुरविणारे कारागीरही. आपण मोठ्या विश्वासाने तिकडून मागवावा, तो खाचेत बरोबर बसावा (खाच मुद्दाम मध्यापासून किंचित बाजूला असते, त्यामुळे उलटा बसणे शक्यच नाही, एवढी एक दक्षता त्या इंग्रजांनी घेतली आहे), गाडी एका सेल्फवर सुरू व्हावी, आणि चढ लागताच इंजिनाच्या पोटातून खडखड ठोके ऐकू यावेत, असा प्रकार घडू शकतो. आरंभीच्या एमजीबीचा डिस्ट्रिब्युटर ४०८९७ नंबरचा; त्याचे गणित दोन माणसांना घेऊन पळणाऱ्या मोठ्या इंजिनासाठी मांडलेले. आपली गाडी पाच माणसे, डिकीत लग्नाच्या आहेराचे सामान आणि टपावर गादी घेऊन चौथ्या गिअरमध्ये चढ चढू पाहणार. तिला इतकी आगाऊ ठिणगी सोसत नाही. भाऊ म्हणून भावाचा नोकर चालतोच असे नाही.

या प्रकरणात सल्लागारांचा एक स्वतंत्र वर्ग असतो. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त कार्यकारी अभियंता फीलर गेज घेऊनच खाली येतात आणि सीबी पॉइंटाचा बंद राहण्याचा कोन ६० अंश, तीन अंश इकडेतिकडे, असे खडसावून सांगून वर जातात. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत भेटणारे एक गृहस्थ ल्यूकसखेरीज दुसरे नाव उच्चारू देत नाहीत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकसने आरंभी हातगाडीवर रॉकेल विकले आणि मग सायकलचे दिवे विकले, त्या दिव्याला त्याने 'रस्त्याचा राजा' असे नाव दिले, आणि पुढे त्याच्या विजेच्या सामानाने इतक्या गाड्या काळोखात उभ्या केल्या की इंग्रजांनी त्यालाच 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी बहाल केली. इतका इतिहास ज्याच्या पाठीशी आहे त्याच्यावर श्रद्धा ठेवायलाही धैर्य लागते, आणि ते या गृहस्थांपाशी आहे. घरातला सल्ला सर्वांत संक्षिप्त होता: "अहो, लग्न साताऱ्याला आहे. एसटीने जाऊ."

आम्ही एसटीने गेलो. परत आल्यावर मी जो निर्णय केला तो सांगतो, कारण त्याला एखाददुसऱ्या गरजवंताचा आधार होण्याचा संभव आहे. मूळचा, ल्यूकसच्या २५ डी जातीचाच डिस्ट्रिब्युटर ठेवला. लेथवाल्याकडून त्यात ब्राँझचा नवा बुश घातला, आणि घालण्यापूर्वी तो रात्रभर तेलात बुडवून ठेवायला लावला, लेथवाल्याने "कशाला, साहेब?" असे विचारले तरी ऐकले नाही, कारण हा बुश तेल पिऊन घेतो आणि पुढे ते जपून खर्चतो. वजने आणि स्प्रिंगा त्याच राहू दिल्या, कारण त्यांचे गणित याच गाडीसाठी मांडलेले होते. डबी तोंडाने ओढून पाहिली. आतली पट्टी सरकून तशीच धरून राहिली, म्हणजे पडदा शाबूत होता. टोपी, रोटर आणि सीबी पॉइंट मात्र जितके चांगले मिळाले तितके चांगले घेतले, आणि जुने पुसून डिकीत ठेवले.

या जातीचा आणखी एक गुण असा, की डबीच्या टोकाला खरखरीत कडेची एक लहानशी चाकी असते. ती बोटाने फिरविली की टिक टिक वाजते, आणि असे ११ टिक म्हणजे टायमिंगचा सुमारे एक अंश. इंजिन ठोके देऊ लागले की चाकी थोडी उशिराकडे न्यावी, आळसावले की आधीकडे. सोळा स्वभावांचा खटका नसेल, मोबाइल नसेल. पण आपल्या रस्त्याला, आपल्या पेट्रोलला आणि आपल्या पाहुण्यांच्या वजनाला जुळेल अशी बारीक दुरुस्ती रस्त्याच्या कडेला उभे राहून, हात काळे करून, करता येते. याच्या पुढच्या ४५ डी जातीत ही चाकी काढून टाकली. सुधारणा करताना उपयोगी वस्तू आधी काढायची, ही पद्धत केवळ आपल्याच कचेऱ्यांत आहे असे मानू नये.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या वाड्याच्या मागे, शेतावरच्या गोठ्यात किंवा एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजात पेट्रोलची अँबॅसडर कुजत पडली असेल, आणि भंगारवाला तिचा वजनावर भाव करीत असेल, तर बाकीची गाडी खुशाल त्याला द्या; इंजिनाच्या उजव्या कुशीचा डिस्ट्रिब्युटर मात्र आधी सोडवून घ्या, दांडा हलवून पाहा, चाकी शाबूत असेल तर कापडात गुंडाळून ठेवा, आणि तो देऊन टाकायचे ठरले तर भंगारवाल्याच्या आधी मला विचारा. मी त्याच्यापेक्षा जास्त देईन.